हर की दून, दिवाळीची सुट्टी आणि पाच जण: दिवसांचा हिशेब तपासून द्या

मंगळवार_पेठ_भटके

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, वय 28 ते 46, सगळे कोल्हापूरचे. पन्हाळा–पावनखिंड दर पावसाळ्यात असतोच, कळसूबाईही झालंय. हिमालयात मात्र पहिल्यांदाच जातोय. दिवाळी झाली की उत्तराखंडातल्या हर की दून दरीचा ट्रेक करायचं ठरतंय. बेत असा:

पहिला दिवस डेहराडून ते सांकरी. दुसरा, जीपने तालुका नावाच्या गावापर्यंत आणि पुढे चालत ओसला. तिसरा, ओसला ते हर की दून. चौथा, तिथून थेट तालुका आणि सांकरी. पाचव्या दिवशी सकाळी निघून डेहराडून, संध्याकाळची दिल्लीची गाडी.

दिवस पुरतील का? बूट आणि स्लीपिंग बॅग कोणती घ्यावी? स्टोव्ह नेऊन स्वतः रांधलं तर जमेल का?

रंकाळा_पहाटफेरी

दादा, पायांची काळजी करू नका. पावनखिंडीच्या चिखलातून दोन दिवस चालणाऱ्याला ही वाट जड नाही. अडचण तिसऱ्या दिवसात आहे. ओसला सुमारे अडीच हजार मीटरवर, हर की दून 3,566 वर. एका दिवसात हजार मीटर वर जाऊन तिथेच झोपायचं, हे अंगाला मानवत नाही. तीन हजारांच्या वर गेलं की झोपायची जागा रोज साधारण 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा नियम आहे.

आपल्याकडचा सराव इथे का पुरत नाही ते बघा. कळसूबाई 1,646 मीटर. सांकरी, जिथून सुरुवात होते ते गाव, 1,950 च्या आसपास. म्हणजे सह्याद्रीच्या सगळ्यात उंच टोकापेक्षाही उंचावर तुमची पहिली रात्र आहे. दम आणि मांड्या जोतिबाच्या पायऱ्यांवर तयार होतील, पण विरळ हवेची सवय आपल्या जिल्ह्यात कुठेच होत नाही. ती तिथे झोपूनच करायची.

म्हणून ओसल्यानंतरचा मुक्काम कलकत्तीधारला, सुमारे तीन हजार मीटरवर टाका. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हर की दूनला पोचाल. तिथे दोन रात्री ठेवा. मधल्या दिवशी मरिंदा तालाकडे किंवा जौंधार हिमनदीच्या दिशेने थोडं वर जाऊन परत खाली झोपायला या. स्वर्गारोहिणी शिखर निवांत बघायला मिळेल ते त्याच दिवशी. पोचल्या दिवशी डोकं जड असतं आणि तंबू लावण्यातच उजेड संपतो.

उजेडाचंही गणित मांडा. नोव्हेंबरच्या मध्यात त्या भागात सूर्य आपल्यापेक्षा अर्धा तास तरी आधी मावळतो, आणि दरीत तो डोंगराआड त्याच्याही खूप आधी जातो. ऊन गेलं की दहा मिनिटांत थंडी वाजायला लागते. सात वाजता निघा, तीनच्या आत मुक्काम गाठा.

वर चढताना वेग असा ठेवा की बोलता बोलता चालता येईल. आपल्या पोरांची खोड म्हणजे गडावर पहिला कोण पोचतो ही शर्यत. ती इथे पूर्ण सोडायची. संध्याकाळी डोकं धरून बसतो तो बहुतेक वेळा सकाळी सगळ्यात पुढे पळालेलाच असतो.

शाहूपुरी_गिअर

बूट आणि बॅगेबद्दल.

बूट घोट्याच्या वरपर्यंतचे, नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे. उतारावर बोटं पुढे आदळतात, बूट नेमका बसणारा असेल तर नखं काळी पडतात. खरेदी निदान सहा आठवडे आधी, आणि रोजच्या चालण्यात वापरून मऊ करून घ्या.

घरात तीन-चार वर्षं पडून असलेले बूट न्यायचे असतील तर आधी तपासा. बऱ्याच ट्रेकिंग बुटांचा तळ आणि वरचा भाग यांच्यामधला थर पॉलियुरेथेनचा असतो. आपल्याकडच्या पावसाळी दमट हवेत तो न वापरताही आतून कुजतो. बूट वाकवा आणि त्या थरावर अंगठ्याने जोरात दाबा. बारीक भेगा दिसल्या किंवा भुगा हाताला लागला तर ते बूट घरीच ठेवा. बाहेरून नवेकोरे दिसतात आणि दुसऱ्या दिवशी अख्खा तळ सुटून येतो. तरीही प्रत्येकाने मीटरभर मजबूत दोरी आणि बाटलीभोवती गुंडाळलेली कापडी चिकटपट्टी जवळ ठेवावी. तळ सुटलाच तर बांधून गावापर्यंत येता येतं.

स्लीपिंग बॅगवर दोन-तीन आकडे असतात. त्यातला कम्फर्ट हा आकडा बघायचा, एक्स्ट्रीम नाही. एक्स्ट्रीम म्हणजे जीव वाचेल, झोप लागणार नाही. तुमच्या दिवसांत रात्री पारा शून्याच्या खाली जातो, तेव्हा कम्फर्ट उणे 5 ते उणे 10 ची घ्या. खाली चांगली मॅट हवीच, अर्धी थंडी जमिनीतून येते. सुती बनियन आणि जीन्स नको, घामाने ओलं झालं की वाळत नाही. मोबाईल, पॉवर बँक आणि टॉर्चचे सेल रात्री बॅगेत अंगाजवळ, नाहीतर सकाळी चार्ज उतरलेला दिसेल.

सॅक 50 ते 60 लिटर, वजन 10 ते 12 किलोच्या आत. रेनकव्हर असलं तरी आत जाड प्लॅस्टिकची पिशवी घाला. पाठीकडून पाणी शिरतंच, हे पन्हाळ्याच्या पावसात चालणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

मंगळवार_पेठ_भटके

खूप आभार. दोन दिवस वाढवतो. स्टोव्हचं काय? आणि उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी सगळ्यांनीच घ्यायची का?

मेतकूट_भात

गॅसचा डबा रेल्वेत आणि विमानात नेता येत नाही. घ्यायचाच झाला तर डेहराडूनला घ्या, आणि नुसत्या ब्युटेनचा नको. ब्युटेन शून्याच्या आसपास वायू होणंच थांबवतो. डबा भरलेला असतो पण ज्योत मिणमिणते. प्रोपेन मिसळलेला घ्या.

दुसरं म्हणजे 3,500 मीटरवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर ठेवली तरी दाताखाली कचकच लागते आणि तोवर गॅस संपतो. प्रेशर कुकर नसेल तर डाळीचा नाद सोडा. पाच जणांना माझा सल्ला, सांकरीतून गाइड आणि स्वयंपाकी घ्या, रॉकेल-कुकर सगळं तेच आणतात. घरून फक्त तोंडी लावायचं आणि येताजाता खायचं न्या: शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, डिंकाचे लाडू, गूळ-शेंगदाणे. भडंग जागा फार खाते, एकच पिशवी पुरे. उंचीवर भूक मरते, तेव्हा ओळखीची चव असली तर चार घास जास्त जातात.

पिण्याचं पाणी उकळायचं तर खळखळून तीन मिनिटं. क्लोरीनची गोळी टाकली तर गार पाण्यात नेहमीच्या दुप्पट वेळ थांबा.

राजारामपुरी_औषधालय

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. प्रतिबंधासाठी सहसा 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. पण आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असेल तर त्यांना आधी सांगायचंच, आणि 46 वर्षांच्या दादांना बीपीच्या गोळ्या चालू असतील तर त्याही दाखवायच्या. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, हे अपेक्षित आहे. गोळी घेतली म्हणून मुक्काम कमी करायचा नाही.

डोकेदुखीसोबत मळमळ किंवा चक्कर असेल तर त्या रात्री वर जायचं नाही. रेषेवर टाचेला पंजा लावून चालता येत नसेल, बोलणं भरकटत असेल, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला येत असेल, तर सकाळची वाट बघू नका. सोबत माणूस देऊन ताबडतोब खाली. ऑक्सिमीटर बर्फगार बोटावर चुकीचा आकडा दाखवतो, आधी हात काखेत धरून गरम करा.

रंकाळा_पहाटफेरी

परतीचं राहिलं. सांकरी ते डेहराडून 190-200 किलोमीटर, पण पुरोला-मोरी बाजूचा घाटरस्ता, 8 ते 10 तास धरा. दरड आली तर जास्त. त्याच संध्याकाळची गाडी काढू नका, डेहराडूनला एक रात्र ठेवा. रोख पैसे डेहराडूनलाच काढा, सांकरीच्या पुढे फोनही जवळपास बंदच धरा. नैटवाडच्या वनखात्याच्या नाक्यावर नोंद होते, आधारच्या प्रती प्रत्येकाच्या दोन.

कोल्हापूरहून दिल्लीच्या निजामुद्दीनची थेट गाडी आठवड्यातून एकदाच आहे. वार जुळला नाही तर मिरजेहून रोजची गोवा एक्सप्रेस पकडा. दिवाळीची गर्दी असते, आरक्षण उघडेल त्याच सकाळी तिकिटं काढा.