मदत हवी आहे: टेनिसमध्ये फोरहँड बाहेर जातो, बॅकहँड जाळ्यात अडकतो

मातीचे_कोर्ट
नमस्कार. गेले ८ महिने मी आठवड्यातून ४ दिवस सकाळी टेनिस खेळत असून माझे दोन्ही फटके एकाच जागी अडकले आहेत. फोरहँडला (तळहात पुढे ठेवून मारायचा फटका) जरा जोर लावला की चेंडू बेसलाइनच्या, म्हणजे कोर्टाच्या मागच्या रेषेच्या, पलीकडे पडतो आणि बॅकहँड (हाताची मागची बाजू पुढे ठेवून मारायचा फटका) दहापैकी सहा वेळा जाळ्यात जातो. क्लबातला मार्कर (सरावासाठी समोरून खेळणारा) ‘चेंडू पुढे घ्या’ एवढेच सांगतो. पुढच्या महिन्यात क्लबची अंतर्गत स्पर्धा असल्यामुळे मूलभूत गोष्टींचे प्रवचन नको, नेमका उपाय हवा आहे.

बेसलाइनकर
उपाय सांगायला काही हाती तर हवे. तुम्ही उजवे की डावखुरे, बॅकहँड एका हाताने मारता की दोन, ग्रिप कोणती, वय किती, यांपैकी काहीही लिहिलेले नाही.

तारवाला
माझ्या मते दोष रॅकेटचा असावा. १०० चौरस इंचांची, ३०० ग्रॅमच्या आतली रॅकेट घ्या आणि पॉलिएस्टरऐवजी मल्टिफिलामेंट तार बसवून घ्या. माझा खेळ त्यानंतरच सुधारला.

मातीचे_कोर्ट
रॅकेटविषयी मी विचारलेलेच नाही. उजवा आहे, बॅकहँड एका हाताने, वय ४३. ग्रिप सगळे धरतात तशीच.

बेसलाइनकर
‘सगळे धरतात तशी’ ग्रिप टेनिसमध्ये नसते, अडचण तिथेच आहे. रॅकेटच्या मुठीला आठ पैलू असतात. रॅकेटची चौकट जमिनीला काटकोनात धरून वरचा पैलू पहिला माना आणि उजवीकडे मोजत जा. तर्जनीच्या मुळाचे हाड दुसऱ्यावर आले तर कॉन्टिनेंटल, तिसऱ्यावर ईस्टर्न, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न. हे हाड कुठे येते आणि बॅकहँड मारताना अंगठा कुठे असतो, एवढे पाहून सांगा.

दोन_हात
एवढ्या मोजमापात कशाला शिरता? या वयात दोन हातांचा बॅकहँड शिकावा. उजव्या हाताची कॉन्टिनेंटल, डाव्याची ईस्टर्न फोरहँड ग्रिप घेतली की बरेचसे काम डावा हात करतो आणि उजव्या कोपरावरचा ताण कमी होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरुषांच्या पहिल्या दहांत एका हाताचा बॅकहँड मारणारा एकही खेळाडू उरला नव्हता. १९७३ मध्ये संगणकीय क्रमवारी सुरू झाल्यापासून असे प्रथमच घडले.

एकहाती
वावरिंकाने २०१५ ची फ्रेंच ओपन एका हाताच्या बॅकहँडवरच जिंकली. शिवाय सकाळी ६ वाजता क्लबात खेळणाऱ्या गृहस्थांचा पहिल्या दहांशी काय संबंध? जो फटका मारताना आनंद होतो तो मारावा.

दोन_हात
जाळ्यात गेलेल्या चेंडूचा आनंद कुणाला होतो, ते मला ठाऊक नाही.

मातीचे_कोर्ट
पाहिले. हाड दोन्ही फटक्यांना दुसऱ्या पैलूवर येते. बॅकहँडच्या वेळी अंगठा मुठीच्या मागच्या रुंद बाजूवर लांब टेकवलेला असतो, कारण त्याने जोर मिळतो. यापूर्वी १६ वर्षे बॅडमिंटन खेळलो आहे, त्याचा इथे संबंध नसावा. हल्ली चहाचा कप उचलताना कोपराच्या बाहेरच्या बाजूला थोडे दुखते.

बेसलाइनकर
संबंध नसावा? सगळा संबंध तिथेच आहे, आणि ही ओळ पहिल्या पोस्टमध्ये असायला हवी होती. शटल साधारण ५ ग्रॅमचे असते, टेनिसचा चेंडू ५६ ते ५९.४ ग्रॅमचा. शटलला अंगठ्याचा रेटा आणि मनगटाचा झटका पुरतो. त्याच झटक्याने दहापट जड चेंडू परतवायला गेलात की चेंडू शरीराच्या बाजूला येईपर्यंत हात पोहोचत नाही, चौकट मागे राहते आणि सगळा धक्का कोपर सोसते. आधी ते कोपर फिजिओथेरपिस्टला दाखवा.

फोरहँडसाठी ग्रिप तिसऱ्या किंवा चौथ्या पैलूवर न्या. सध्याच्या ग्रिपने चौकटीचे तोंड आकाशाकडे उघडते, म्हणूनच जोर लावला की चेंडू बाहेर जातो. चेंडू येताना दिसताच खांदे एकदम वळवा, डावा हात रॅकेटच्या मानेवर राहू द्या, मग चौकट चेंडूच्या खालून वर नेत मारा, म्हणजे टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेची फिरकी) मिळेल. बॅकहँडसाठी हाड पहिल्या पैलूवर आणा, अंगठा मुठीभोवती वळवून घ्या आणि चेंडू पुढच्या पायाच्याही थोडा पुढे असताना गाठा.

आठवडाभर बेसलाइनवर जाऊ नका. जाळ्यापासून २१ फुटांवर सर्व्हिस लाइन असते, तिथून मार्करबरोबर अर्ध्या वेगाने खेळा. त्याच्याकडे हिरव्या ठिपक्याचे, सुमारे २५ टक्के मंद चेंडू असतील तर फारच उत्तम. मागे गेल्यावर तिरके मारा: सरळ कोर्ट ७८ फुटांचे, तर एकेरीचा कर्ण सुमारे साडेब्याऐंशी फुटांचा असतो आणि मध्ये जाळेही खांबांपाशी असते त्यापेक्षा सहा इंच खाली असते. टॉपस्पिनला वजन आल्यावर मगच सरळ रेषेतला फटका आणि बॅकहँडच्या कोपऱ्यातून फिरून मारायचा फोरहँड.

भिंतवाला
रोज अर्धा तास भिंतीवर मारावे, आम्ही तसेच शिकलो.

बेसलाइनकर
यांना नको. भिंतीवरून चेंडू लवकर परत येतो, मग हात मागे न्यायला वेळ उरत नाही आणि मनगटाचा तोच झटका पक्का होतो.

मातीचे_कोर्ट
बारा दिवसांनी लिहीत आहे. फिजिओथेरपिस्टने पहिला आठवडा रॅकेट हातात धरू दिली नाही. नंतर मी रॅकेटच्या मुठीच्या मागच्या बाजूला, अंगठा जिथे टेकत असे तिथे, दुमडलेली खरखरीत चिकटपट्टी लावली. अंगठा सवयीने तिथे गेला की टोचते. फोरहँड आता बहुतेक आत पडतो. बॅकहँड खांद्याच्या उंचीचा चांगला जातो, पण गुडघ्याखाली राहिलेला चेंडू मात्र अजूनही जाळ्यातच. स्पर्धेतून नाव काढून घेतले आहे.

बेसलाइनकर
तो खालचा चेंडू स्लाइस करा: चौकटीचे तोंड किंचित उघडे, वरून पुढे कापत नेणारा फटका. त्यासाठी हाड परत दुसऱ्या पैलूवर आणा, म्हणजे तुमच्या जुन्या ग्रिपजवळच. व्हॉली (टप्पा पडण्याआधी मारलेला फटका) आणि सर्व्हिसलाही तीच लागेल. चिकटपट्टी मात्र काढू नका.