बांधाच्या आणि रस्त्याच्या वादात गावपंचांचा निकाल बंधनकारक असतो का?

प्रश्न (अमळनेर तालुका):
आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) नांगरट करताना शेजारच्या गटधारकाने आमच्या कपाशीच्या शेताचा सामाईक बांध कोरला आणि पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीत असलेला गाडरस्ता काटे टाकून बंद केला. तंटामुक्त समितीने बैठका घेतल्या आणि पोळ्यानंतर एका कागदावर असे लिहिले की, आम्ही बांधालगतची दोन हात जमीन सोडावी व त्या बदल्यात रस्ता मोकळा होईल. वडिलांनी सही केलेली नाही. कोर्टात जाणाऱ्याशी गावाने व्यवहार ठेवू नये, असेही काही जण बोलू लागले आहेत. हा निकाल आम्हाला लागू होतो का?

उत्तर (धुळे, वकिली):
लागू होत नाही. तंटामुक्त समिती 15 ऑगस्ट 2007 रोजी सुरू झालेल्या शासनाच्या मोहिमेतून आली; तिचे काम समेट घडवण्याचे आहे, निवाडा देण्याचे नाही. शिवाय शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या जमिनीवरील हक्क सोडून देणारा दस्त 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार नोंदवावाच लागतो, त्यामुळे वडिलांनी सही केली असती तरी त्या साध्या कागदाने मालकी बदलली नसती. मालकीचा प्रश्न दिवाणी न्यायालयाचा आहे. फेरफार आणि सातबारा हा महसुली पुरावा आहे, मालकीचा अंतिम निर्णय नव्हे.

रस्त्यासाठी मात्र तहसीलदारांकडे जा, आणि लवकर जा. मामलतदार (म्हणजे तहसीलदारच) न्यायालय अधिनियम 1906 च्या कलम 5 खाली वहिवाटीचा रस्ता अडवल्यास किंवा शेतजमिनीचा ताबा बेकायदा काढून घेतल्यास दाद मागता येते, पण अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आखाजीपासून मोजले तर ही मुदत दिवाळीच्या आसपास संपते, आणि बैठकांत गेलेले महिने कोणी वजा करून देत नाही. गावकीच्या भरवशावर थांबलेल्या माणसाचे खरे नुकसान येथेच होते, हे मी कळकळीने सांगतो. नवा रस्ता बांधावरून मागायचा असेल तर जमीन महसूल संहितेचे कलम 143 वेगळे आहे. त्यातील निर्णयाविरुद्ध एक वर्षात दिवाणी दावा करता येतो.

उत्तर (साक्री तालुका):
वरील मुदतीबद्दल दुमत नाही, तरी पंचांना अगदी बाजूला सारू नये असे मला वाटते. आमच्याकडे पांझरा नदीवरील फड पद्धतीत, म्हणजे सामाईक पाटाने शेते भिजवण्याच्या जुन्या रीतीत, पाण्याची पाळी लाभधारकांनीच ठरवली आणि पाटाचे पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने ती राबवली. तेथे माणसे ऐकत, कारण पाट आणि पीक सर्वांच्या डोळ्यांसमोर होते. बांधाचे तसे नाही, तो कोरल्यावर मूळ रेषा कोणालाच नक्की सांगता येत नाही. म्हणून आधी भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा, दोन्ही गटधारकांना नोटीस जाऊ द्या आणि खुणा कायम करून घ्या. त्यानंतर समेट झालाच तर तो लोकअदालतीत न्या, कारण तेथील निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि त्यावर अपील नसते.

उत्तर (धडगाव):
आमच्या अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेला अधिक वजन आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दाव्यांची सुरुवात ग्रामसभेपासूनच होते, पण तिच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे जाता येते. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला देण्याची मुभा कोणताही गावपंच देऊ शकत नाही.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ग्रामन्यायालयाचा उपयोग होईल का? आणि बहिष्काराचे काय?

उत्तर (धुळे, वकिली):
2008 चा ग्रामन्यायालय कायदा 2 ऑक्टोबर 2009 पासून लागू आहे. पाटाचे किंवा विहिरीचे पाणी, गुरचरणाचा वापर, गावातील किंवा शेतातील घराचा ताबा असे वाद त्यात येतात, मात्र ते न्यायालय आपल्या तालुक्यात स्थापन झालेले असेल तरच. तुमच्या रस्त्यासाठी तहसीलदारच योग्य. बहिष्काराबाबत 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा स्पष्ट आहे: तो गुन्हा असून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. कोण काय बोलले ते तारखेनिशी लिहून ठेवा, आणि रस्त्याच्या अर्जासोबत गटाचा नकाशा व वहिवाट पाहिलेल्या शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडा.