कॉलेजातला शूटिंग गार्ड पारखायचा कसा? दोन किलो भडंग हरलोय

कृष्णाकाठ_११

मंडळी जरा निवाडा करा. आमचा पाच जणांचा ग्रुप आहे, तिघं सांगलीत, एक मिरजेत आणि एक नोकरीपायी साताऱ्यात जाऊन बसलाय. पहाटे साडेपाचचा गजर लावून एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग, बघणारी जी चार टाळकी या भागात असतील ती आम्हीच, आईला अजून वाटतंय पोरगं अभ्यासाला उठतंय. तर त्या सातारकरानं एक खेळ काढलाय. तो अमेरिकेतल्या कॉलेजच्या गार्ड लोकांचे जुने आकडे टाकतो, नाव झाकून, आणि आपण सांगायचं की ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम पाळीपाळीनं नवी पोरं निवडतात त्यात, कुणाला उचलाल. आम्ही हरलो तर इथनं भडंग जाणार, तो हरला तर तिकडनं कंदी पेढे येणार.

परवा त्यानं तिघं टाकले. पहिला, मॅचला २८.९ पॉइंट, अख्ख्या देशात एक नंबर, थ्री (रेघेबाहेरनं मारायचा तीन पॉइंटचा शॉट) ३९.६ टक्के. दुसरा २१.६ पॉइंट, थ्री ३९.८ टक्के. तिसरा फक्त १० पॉइंट, थ्री ४१ टक्के, आणि हा गडी एकाही मॅचला पहिल्या पाचात नव्हता, बेंचवरनं यायचा. आता बेंचवरच्याला कोण घेतंय राव? मी डोळे झाकून पहिला घेतला. तो निघाला जिमर फ्रेडेट, दुसरा क्ले थॉम्पसन आणि बेंचवरचा डेव्हिन बुकर. एनबीएत ते दोघं स्टार झाले आणि माझाच टिकला नाही. दोन किलो भडंग गेलं, वर कुरिअर पण माझंच.

माझा प्रश्न साधा आहे. शूटिंग गार्ड म्हणजे शूटिंग करणाराच ना? मग पॉइंट आणि थ्रीचे टक्के सोडून बघायचं तरी काय? आणि मागनं सगळेच शहाणे होतात हो, २०११ ला बसून कुणाला कळलं असतं का? त्या ड्राफ्टमध्ये १० वा फ्रेडेट गेलाय आणि ११ वा क्ले, म्हणजे फ्रेडेटला घेणाऱ्या सॅक्रामेंटोच्या टीमनं पण माझ्यासारखंच केलं की.

शिट्टी_मास्तर

अरे पोरा, पॉइंट ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट. मी मिरजेत बरीच वर्षं पोरं खेळवली, आता रिटायर आहे, पण सवय जात नाही. नवीन पोरगं ग्राउंडवर आलं की मी पहिलं हे बघतो की बॉल हातात नसताना ते काय करतंय. कमरेवर हात ठेवून उभं राहतंय का, की पळतंय, स्क्रीनच्या, म्हणजे आपलाच गडी आडवा उभा राहतो त्याच्या, आडोशानं वळतंय, बॉल यायच्या आधी पाय रोवून तयार आहे का.

तुझा फ्रेडेट कॉलेजात राजा होता. बॉल त्याच्या हातात, निर्णय त्याचा, चुकला तरी पुढचा शॉट परत त्याचाच. एनबीएत असले राजे प्रत्येक टीममध्ये आधीच बसलेत, नव्या पोराला बॉल मिळतो तो दोन सेकंद, तेवढ्यात काय करायचं ते कर. क्लेचं बघ. डिसेंबर २०१६ ला इंडियानाविरुद्ध त्यानं २९ मिनिटांत ६० पॉइंट मारले आणि सगळ्या मॅचमध्ये ड्रिबल किती, तर ११! बॉल हातात एकूण दीड मिनिट. मी ती मॅच पोरांना तीनदा दाखवली, एकानं विचारलं सर हा बॉल आपटत का नाही. म्हटलं तेच तर बघायचंय लेका.

दुसरी गोष्ट रेघेची. आपल्या ग्राउंडवर थ्रीची लाइन ६.७५ मीटरवर असते, तिकडच्या कॉलेजात पण २०१९ पासून तीच आहे. एनबीएची समोरनं ७.२४ मीटर. म्हणजे जवळपास अर्धा मीटर मागं. फ्रेडेटच्या वेळी तर कॉलेजची रेघ अजून आत होती, २० फूट ९ इंच, आणि एनबीएची २३ फूट ९ इंच, सरळ तीन फुटांचा फरक. आमच्याकडं मी खडूनं अर्धा मीटर मागं रेघ मारायचो आणि जे पोरगं दहातले सात टाकतंय त्याला तिथं उभं करायचो. बॉल गेला की नाही ते बघतच नव्हतो, मी बघायचो ढोपरं आणि कोपर. ज्याच्या पायात जोर नाही तो बॉल पोटापर्यंत खाली नेतो आणि पाण्याची घागर डोक्यावर घेतल्यासारखा उचलून फेकतो. घागर दिसली की समजायचं, याच्यासमोर चपळ माणूस उभा राहिला तर याचा शॉट सुटायच्या आधीच हात आडवा येणार. आणि भिंतीला पाठ लावून हात पसरायला सांगायचं, बोटाच्या टोकापाशी खुणा करायच्या. शिकागोत ड्राफ्टच्या आधी पोरांची चाचणी घेणारं कंबाइन असतं तिथं पण हेच मोजतात, उंची बिनबुटाची आणि हाताचा पसारा. पायताण काढलं की कैक जणांची उंची उतरते बघ.

आकडेमोड

मास्तरांना नमस्कार. मी ढोपरं बघू शकत नाही, टीव्हीवर कळत पण नाहीत, म्हणून आकड्यांचंच बोलतो. आकडे वाईट नाहीत, तुझ्या मित्रानं अर्धे झाकलेत.

बुकरचे १० पॉइंट किती मिनिटांत? साडेएकवीस. कॉलेजची मॅच ४० मिनिटांची असते, त्या हिशोबानं बसवलं तर साडेअठराच्या वर जातात. बरं टीम कुठली, तर केंटकी. त्या सीझनला ३८ जिंकल्या आणि एकच हरले, कोचनं दोन-दोन फळ्या करून पोरं फिरवली, आणि २०१५ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या तेरात चार जण त्याच टीमचे होते. पहिला टाउन्स, सहावा कॉली-स्टाइन, बारावा लायल्स, तेरावा बुकर. ताटावर एवढे खाणारे आणि भाकरी एकच म्हटल्यावर कुणाच्या वाट्याला किती येणार? आणि वय. ड्राफ्टच्या दिवशी बुकर १८ वर्षांचा, फ्रेडेट २२. बावीसचा माणूस अठरा-एकोणीसच्या पोरांना मारतोय त्याला मी थोडी कात्री लावतो. माझ्या मते वय हा एकटा आकडा पॉइंटपेक्षा जास्त बोलतो.

आता थ्रीचे टक्के. आपण सांगलीकर, हळदीच्या गावचे, आणि तरी अर्ध्या हळकुंडानं पिवळे होतो! बुकरनं सगळ्या सीझनमध्ये थ्रीचे प्रयत्नच केले १४१. एवढ्याशा आकड्यात नुसत्या नशिबानं चार-चार टक्के इकडचे तिकडं होतात, म्हणजे खरा ३७ वाला ४१ दिसू शकतो आणि ४५ वाला पण ४१. एक सीझन बघून ३९.६ मोठा का ३९.८ मोठा यावर भांडण करणं म्हणजे येडेपणा आहे. म्हणून मी फ्री थ्रो, म्हणजे फाउलनंतरचा मोकळा शॉट, बघतो. समोर कुणी नाही, अंतर कायम तेच, घाई नाही, हाताची खरी जात तिथं कळते. फ्रेडेट ८९, क्ले ८४ च्या आसपास, बुकर ८३ च्या आसपास. तिघांचा हात चांगला होता म्हणजे निकाल हातावर लागलाच नाही, तो इतर गोष्टींवर लागला. क्ले साडेसहा फुटांचा, मॅचला पाच रिबाउंड, दीड स्टील, शिवाय जवळपास एक ब्लॉक. शूटिंग सोडून त्याचं काहीतरी चाललेलं होतं.

लाल_माती_खटाव

हे सगळं पटतंय पण तुम्ही लोक फ्रेडेटला जरा जास्तच सोलताय. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणायला तो काय गल्लीत खेळत होता का? जानेवारी २०११ ला सॅन डिएगो स्टेटवर त्यानं ४३ मारलेत, ती टीम तोवर एकही मॅच हरली नव्हती आणि त्यात पुढं एनबीएत मोठा स्टार झालेला क्वाय लेनर्ड होता. तोच क्वाय त्याच ड्राफ्टमध्ये १५ वा गेला, म्हणजे चुकलं ते एकटं सॅक्रामेंटो नाही, बऱ्याच जणांचं चुकलं.

आणि पोरगं कुठं पडलं ते पण बघा की. २०११ ला लॉकआउट होतं, म्हणजे मालक-खेळाडूंच्या भांडणात लीग बंद, नव्या पोरांची समर लीग झालीच नाही, सीझन डिसेंबरात चालू झाला आणि सात मॅच झाल्या की कोच काढला. क्लेच्या शेजारी कोण, तर थ्रीचा बादशहा स्टीफन करी. आमच्याकडं तालमीत नवा पोरगा आला की वस्ताद जोड बघून लावतो, पहिल्याच आठवड्यात थोरल्या पैलवानापुढं सोडला तर पोरगं माती सोडून पळतंय. फ्रेडेटला वस्तादच भेटला नाही. पुढं चीनमध्ये जाऊन त्यानं एका मॅचला सत्तरच्या वर पॉइंट मारलेत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकला अमेरिकेच्या थ्री ऑन थ्री टीममध्ये होता. हात कुठं गेला नव्हता त्याचा.

मास्तर तुम्ही हाताची लांबी म्हणताय ना, त्याच ड्राफ्टमधला शेवटचा, ६० वा, आयझेया थॉमस. ५ फूट ९ इंच. त्याच सॅक्रामेंटोनं घेतला आणि फ्रेडेटची मिनिटं खाल्ली त्यानं. घ्या आता, लावा भिंतीला!

शिट्टी_मास्तर

लाल माती, मुद्दा कबूल. पण थॉमस आपल्या माणसाला मागं टाकून रिंगपर्यंत जायचा, त्याला शॉट आणून द्यावा लागत नव्हता. बुटका आणि वर हळू, असं दोन्ही चालत नाही रे. एक काहीतरी पाहिजे.

गार्ड_नंबर_सात

मी मुलींच्या टीममध्ये दोन नंबरला, म्हणजे शूटिंग गार्डच्या जागी, खेळते, इंटर-कॉलेज. तुम्ही सगळे शॉटवरच बोलताय, डिफेन्सवर एक जण नीट बोलला नाही म्हणून लिहितेय.

माझा शॉट बरा आहे पण बाजूला सरकताना माझे पाय अडकतात. मागच्या वर्षी एका मॅचला समोरच्या टीमच्या कोचला हे पाचव्या मिनिटाला कळलं. मग काय, मी जिला धरलंय तीच दर वेळी स्क्रीन लावायला पळत यायची, म्हणजे त्यांची सगळ्यात फास्ट मुलगी माझ्या अंगावर यावी. सलग सहा वेळा! आमच्या मॅडमनी शेवटी मला बसवलं, आणि तोपर्यंत माझे चार थ्री गेले होते, चांगली चालले होते. शूटरला बेंचवर बसवतात ते शॉट चुकला म्हणून नाही, त्याला लपवायला जागा उरत नाही म्हणून.

कॉलेजात लपवता येतं. झोन लावला, म्हणजे माणूस न धरता जागा राखायची ठरवली, की कमजोर खेळाडूला एका कोपऱ्यात उभं करायचं, आणि मोठा सेंटर रिंगखाली ठाण मांडून उभा, तो सगळं झाकतो. एनबीएत डिफेन्सवाल्याला पण तीन सेकंदांचा नियम आहे, कुणाला धरल्याशिवाय रिंगखालच्या डीमध्ये तळ ठोकता येत नाही, आत मोकळं पडतं आणि तुमचा माणूस तुम्हाला चुकवून गेला की सरळ लेअप. म्हणून कॉलेजचा व्हिडिओ बघताना मी शूटरचे शॉट पुढं ढकलते आणि तो डिफेन्सला असताना बघते. स्क्रीन लागल्यावर वरनं जातो का खालनं जातो, का तिथंच चिकटून बसतो. दहा मिनिटांत कळतं खरं तर.

आणि फ्री थ्रोचं म्हणाल तर मार्केल फुल्ट्झ आठवा. २०१७ चा एक नंबर, कॉलेजात थ्री ४१ टक्के आणि फ्री थ्रो ६५. सगळ्यांनी ४१ बघितले.

आकडेमोड

फुल्ट्झचं उदाहरण मी मुद्दाम दिलं नाही. त्याला खांद्यापाशी नस दबण्याचा आजार निघाला, थोरॅसिक आउटलेट, शॉट त्यात गेला. ६५ बघून थांबून विचार करायला हवा होता हे मान्य, पण जे पुढं झालं ते सगळं त्या ६५ मध्ये दिसत होतं असं मी म्हणणार नाही. डिफेन्सचं मात्र एकदम पटलं, ते कुठल्याच आकड्यात धड सापडत नाही.

कृष्णाकाठ_११

सगळ्यांचे आभार पण घोळ झालाय. तुमचं वाचून छाती फुगवून सातारकराला म्हटलं टाक नवीन. त्यानं काल रात्री दोघं टाकले. पहिला, वय २०, एकच सीझन खेळलेला, मॅचला १५.९, थ्री ४२ टक्के, फ्री थ्रो ८७, मोठं नावाजलेलं कॉलेज. दुसरा वय २२, चार वर्षं कॉलेजात काढलेली, चारी वर्षांचा मिळून थ्री ४३ टक्के. मी म्हटलं हातांचं सांग, तर दुसऱ्याचा पसारा उंचीपेक्षा पण कमी. आता वय बघा म्हणाला तुम्ही, फ्री थ्रो बघा, हात बघा. मी पहिला घेतला, छातीठोक!

पहिला बेन मॅक्लेमोर, कॅन्सस, २०१३ ला ७ वा, आणि घेणारे कोण तर परत सॅक्रामेंटो 😭 दुसरा डेस्मंड बेन, टीसीयू कॉलेजचा, २०२० ला ३० वा, पहिल्या राउंडमधला शेवटचा. ज्याच्यासाठी २०२५ ला ऑर्लँडोनं दोन खेळाडू आणि वर पहिल्या राउंडचे चार पिक, म्हणजे ड्राफ्टमधले निवडीचे हक्क, दिले.

लाल_माती_खटाव

😂😂 तुला सॅक्रामेंटोत नोकरी लागेल बघ

आकडेमोड

अरे पण इथं हळकुंड उलटं होतं की. चार वर्षांचे ४३ टक्के म्हणजे पूर्ण पोतं, एका सीझनचे ४२ म्हणजे मूठभर. ते तू विचारातच घेतलं नाहीस. वयाची कात्री मी थोडी म्हटलो होतो, तू मुंडकंच उडवलंस.

गार्ड_नंबर_सात

बेनला खेळताना बघितलंय का? हात आखूड पण खांदे बघा त्याचे, दरवाजात उभा केला तर उजेड आत येणार नाही. त्याला कुणी ढकलून पुढं जात नाही. मॅक्लेमोर उडी मस्त मारायचा, पण बॉल जमिनीवर टाकून काहीतरी घडवायचं म्हटलं की हात गडबडायचे, ते कॉलेजात पण दिसत होतं.

शिट्टी_मास्तर

पोरा तू आकडे मागवणं बंद कर आणि त्या सातारकराला सांग पुढच्या वेळी नाव झाकून व्हिडिओ टाक, तोंड झाकता येत नसेल तर गुडघ्याखालचाच टाक, मी सांगतो. आणि दोन पार्सल साताऱ्याला जातायत तर वाटेत मिरजेला एक अर्धा किलो उतरव, लसूण कमी.

कृष्णाकाठ_११

मास्तर, मिरज साताऱ्याच्या वाटेवर नाही हो, उलट्या बाजूला आहे. पण आणून देतो रविवारी. खडू घेऊन या, आमच्यातला एक घागरवाला आहे असा मला दाट संशय आहे, तो मीच नसलो म्हणजे मिळवलं.