प्रति: स्टेपर की सर्व्हो?

प्रश्न असा की सीएनसी राउटरला (कॉम्प्युटरच्या हुकमाने लाकूड कापणारं मशीन) स्टेपर मोटर (ठरावीक टप्प्यांनी, म्हणजे स्टेपनी फिरणारी) घ्यावी की सर्व्हो (आपली जागा तपासत फिरणारी). वर कुणीतरी म्हटलंय की स्टेपरला एन्कोडर (मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर) नसतो म्हणून तो अचूक नसतो. हे अर्धंच खरं. नेहमीच्या स्टेपरची एक स्टेप १.८ अंशांची, म्हणजे फेऱ्याला २०० स्टेप. ५ मिमी पिचच्या बॉलस्क्रूवर (एका फेऱ्यात मशीनला ५ मिमी सरकवणारा आट्यांचा दांडा) एका स्टेपला ०.०२५ मिमी. लाकूडकामाला भरपूर झालं की!

खरी गोची वेगात आहे. वेग वाढला की टॉर्क (फिरवायचा जोर) घसरतो, स्टेप चुकते आणि ड्रायव्हरला (मोटर चालवणाऱ्या सर्किटला) त्याचा पत्ताच नसतो. माझ्या राउटरवर हेच झालं: फीड (कापायचा वेग) वाढवला आणि पाटीवरचं अर्धं अक्षर ३ मिमी बाजूला सरकलं, मशीन आपलं निवांत कापतंय.

असं झालं तर आधी कपलिंगचा (मोटर आणि बॉलस्क्रू जोडणारा तुकडा) ग्रब स्क्रू, म्हणजे त्यातला बिनडोक्याचा छोटा स्क्रू बघा, बरेचदा तोच ढिला असतो. घट्ट असेल तर अ‍ॅक्सिलरेशन (वेग किती झपाट्याने वाढतो ते) उतरवा. सर्व्होचा खर्च त्यानंतर.