मेली बेझेला विसरू नका

जर्मनीच्या सुरुवातीच्या वैमानिकांवरच्या एका लेखात हेल्मुट हिर्ट या वैमानिकाबद्दल छान लिहिलंय. बर्लिनजवळच्या योहानिस्टाल विमानतळावरच्या मेली बेझे या वैमानिक बाईचं नावही त्यात यायलाच हवं. मूळची ती शिल्पकार. जर्मन अकादम्या बायकांना घेत नव्हत्या म्हणून स्टॉकहोमला जाऊन शिकली. पुढे विमानाच्या परीक्षेत सहकाऱ्यांनीच खोडा घातला: स्पार्क प्लगशी छेडछाड, टाकीतलं पेट्रोल काढून घेणं. म्हणजे थेट जिवाशी खेळ! तरी 13 सप्टेंबर 1911 ला, पंचविसाव्या वाढदिवशी, तिने परवाना मिळवलाच; जर्मनीतली पहिली स्त्री. स्वतःची उड्डाणशाळा काढली, विमानंही बांधली. फ्रेंच माणसाशी लग्न केल्याने 1914 च्या युद्धात मात्र ती शत्रूराष्ट्राची नागरिक ठरली आणि सगळं गेलं. 1925 मध्ये तिने आयुष्य संपवलं. फार अन्याय झाला तिच्यावर.