रोज धुणं लावायलाच हवं का? पाच माणसांचं घर आणि टँकरचं पाणी

वाकडकरीण
आमच्या सोसायटीला मार्चपासून टँकर चालू आहेत, दहा हजार लिटरचे, रोज किती आले ते गेटवरच्या वहीत लिहिलेलं असतं आणि मी येताजाता ते बघते. घरात आम्ही पाच जण, मी, नवरा, सासूबाई, आठवीतली मुलगी आणि तिसरीतला मुलगा. लग्न झाल्यापासून आमच्याकडे रोज मशीन लागतं, भरलेलं असो नाहीतर अर्धं. गेल्या महिन्यात मी मशीनचा पाइप वीस लिटरच्या बादलीत सोडून पाणी मोजलं. साडेसहा किलोचं टॉप लोड, एकदा साबणाचं पाणी आणि दोनदा खळबळणं, सगळं मिळून साडेसहा बादल्या. म्हणजे १३० लिटर. शहराच्या पाणी योजना करताना माणशी रोज १३५ लिटर धरतात. म्हणजे आमचं मशीन हे घरातलं सहावं माणूसच झालं की!

त्या दिवसापासून मी मशीन आठवड्यातून तीनदाच लावते, मंगळवार, शुक्रवार, रविवार. आतले कपडे आणि मोजे ज्याने त्याने अंघोळीच्या वेळी धुवायचे. घरात घालायचे कपडे दोन दिवस, जीन्स चार-पाच वेळा, टॉवेल रोज उन्हात वाळवून तीन दिवस. आठवड्याचे ९१० लिटर लागायचे ते ३९० वर आले.

पण सासूबाईंना हे अजिबात मान्य नाही. काल अंगावर होता तोच गाऊन आज परत, म्हणजे पारोसंच की, असं त्या म्हणतात आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नाहीयेत. शेजारच्या काकूंनी पण विचारलं की मशीन बिघडलंय का. मला खरंच जाणून घ्यायचंय, रोज धुवायची गरज आहे का ती फक्त सवय आहे?

पडवी
गरज आहे. मी रत्नागिरीची, तुमच्या पुण्याच्या कोरड्या हवेत चालत असेल, आमच्याकडे एप्रिल-मे मधे सकाळी घातलेला शर्ट अकरा वाजता पाठीला चिकटलेला असतो, तो उद्या परत घालायचा हे कोणाला सांगून बघा. आणि न घालता बास्केटमधे तीन दिवस ठेवला तर अजून वाईट, ओलसर कपडे एकमेकांवर दाबून राहिले की कुबट वास धरतात आणि मग तो वास दोनदा धुऊन पण जात नाही. पांढऱ्यावर काळे ठिपके पडले म्हणजे बुरशी लागली, तो कपडा गेला.

आमच्या घरात दोन वर्षांपूर्वी गजकर्ण आलं, आधी दिराला, मग सगळ्यांना, सहा महिने जाईना. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला की टॉवेल वेगळे आहेत का, आणि कपडे रोज धुऊन उन्हात कडक वाळवता का. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावू नका म्हणाले, त्यात स्टेरॉइड असतं, तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग दुप्पट पसरतं. तेव्हापासून माझ्या घरात घामाचा एकही कपडा दुसऱ्या दिवसापर्यंत राहत नाही. जूनपासून तर प्रश्नच वेगळा, आठवड्याचं धुणं एकदम काढलं तर वाळवायचं कुठे? पडवीत दोन वलण्या आहेत, त्यावर एका दिवसाचेच कपडे मावतात आणि ते सुद्धा वाळायला दोन दिवस घेतात. थोडं थोडं रोज, हाच आमच्याकडे एक मार्ग आहे. पाण्याचं दुःख मला कळतं ताई पण अंगाचं आधी.

टेरेसवाला
मी पडवी ताईंच्या बाजूने. रोजचं रोज केलं तर काम दहा मिनिटांचं आहे, बटण दाबायचं, मशीन करतं. साठवलं की रविवार त्यातच जातो. आणि एक हिशोब मला पटला नाही, पाच माणसांचे दोन-तीन दिवसांचे कपडे साडेसहा किलोच्या मशीनमधे बसतात? कोंबलं तर कपडे फिरतच नाहीत, साबण तसाच राहतो आणि काळ्या कपड्यांवर पांढरे पट्टे येतात. आम्ही हे करून बघितलंय.

वाकडकरीण
बरोबर आहे, कोंबलं तर होणार नाही. पण कपडेच कमी झालेत ना, जीन्स रोज पडत नाही, टॉवेल रोज पडत नाहीत, आतले बाथरूममधेच होतात. ड्रम वरून एक वीत रिकामा राहील एवढंच भरते. चादरी पंधरा दिवसांनी, त्या दिवशी चौथं मशीन लागतं, ते मी वरच्या हिशोबात धरलं नव्हतं, हे मान्य.

आठ_ते_आठ
टेरेसवाला, "मशीन करतं" हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मशीन धुतं. खिसे कोण तपासतं? मोजे उलटे कोण करतं, कॉलरला आणि बाह्यांना आधी साबण कोण लावतं, रंग जाणारी ओढणी कोण बाजूला काढते? मग ते ओलं ओझं गच्चीवर नेणं, झटकून वाळत घालणं, चिमटे लावणं, आभाळ आलं की धावत काढणं, घड्या, प्रत्येकाच्या कपाटात ठेवणं, इस्त्रीवाल्याचे मोजून देणं मोजून घेणं. माझ्या घड्याळात हे रोज पाऊण तास आहे. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात आलं होतं की घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७. त्यामुळे धुणं किती वेळा हे ठरवायचा पहिला हक्क ते वाळत घालणाऱ्याचा आहे असं माझं ठाम मत आहे. मी आठवड्यातून दोनदा लावते आणि कोणाला उत्तर देत नाही.

टेरेसवाला
ताई, वाळत मीच घालतो, टोपणनाव त्यावरूनच आहे. पण घड्या आणि कपाटाचं तुम्ही म्हणता ते खरंय, ते मी करत नाही. ते धरून दहा मिनिटं नाही होत, चूक झाली. तरी ढीग साठवण्यापेक्षा रोजचं सोपं हे माझं मत तसंच आहे.

धागादोरा
मी इचलकरंजीचा, कापडातच जन्म गेला. या चर्चेत कापड कुठलं हे कोणीच विचारलं नाही. सुती कपडा घाम शोषतो आणि हवा लागली की बराचसा मोकळा होतो. पॉलिस्टर घाम पीत नाही पण अंगाचं तेल धरून ठेवतं, त्यावर जंतू वाढतात आणि घामाला जो वास येतो तो त्या जंतूंमुळे. म्हणून मुलांचे ते खेळायचे चकचकीत टीशर्ट एका तासात वास मारतात. ते त्याच दिवशी धुवा, पाण्यात नुसते खळबळून वाळत टाकले तरी चालेल. सुती कुर्ता पुण्याच्या हवेत दोन दिवस सहज जातो.

आणि दर धुण्याला कापड झिजतं. ड्रायरवाल्या मशीनच्या जाळीत जो कापूस साठतो ना तो तुमचाच कपडा असतो. पॉलिस्टरचे तर बारीक तंतू पाण्याबरोबर गटारात आणि तिथून नदीत जातात. जीन्स उलटी करून, गार पाण्यात, आणि गरज असेल तेव्हाच, नाहीतर रंग उडून गुडघे पांढरे होतात. पैठणी, रेशीम वगैरे तर घरी धुवायच्या नादी लागूच नका, नेसून झाली की सावलीत वाऱ्यावर टाकायची आणि मग मलमलच्या कापडात.

लातूरकर
२०१६ चा एप्रिल मी लातुरात काढलाय. मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, १२ तारखेला पहिली गाडी, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. त्या दिवसांत आमच्याकडे धुणं म्हणजे काय होतं सांगतो. शेवटच्या खळबळीचं पाणी पिंपात साठवायचं, दुसऱ्या वेळी त्यातच कपडे भिजवायचे, आणि भिजवलेलं पाणी संडासात. एकच पाणी तीन वेळा. किती दिवसांनी धुवायचं याच्यावर आमच्याकडे वाद झाला नाही कारण पाणी आलं की धुवायचं एवढंच होतं.

पडवी ताई, अंगाचं आधी हे बरोबर आहे. पण वाकडला जो टँकर येतो तो कोणाच्या तरी विहिरीतून नाहीतर बोअरमधून भरलेला असतो, तिथे पण माणसं राहतात. माझ्या आईला आज नळाला पाणी असलं तरी मशीनचा पाइप मोरीत सोडवत नाही, ती बादल्याच लावते. ताई, तुमचे ३९० लिटर पण अजून खाली येतील, शेवटची खळबळ वेगळ्या पिंपात घ्या. फक्त एक, बोअरचं जड पाणी असेल तर साबणाला फेस येत नाही आणि लोक पावडर वाढवत जातात, मग ती निघायला तिसरी खळबळ लागते. पावडर आधी कमी करा.

स्टॉकहोमहून
इथे बिल्डिंगच्या तळघरात सगळ्यांची मिळून धुण्याची खोली असते, वेळ बुक करावी लागते. आम्ही चौघं आठवड्यातून एकदा धुतो, टॉवेल-चादरी ६० अंशावर कारण त्याने गादीतले बारीक किडे मरतात. भारतातून आले तेव्हा मला किळस यायची, आता काहीच वाटत नाही. सवयच आहे ती.

पडवी
तिकडे घाम तरी येतो का हो? तुमची हवा आमच्याकडे पाठवा, मी पण आठवड्याने धुवेन.

हडपसरची_लेक
मला जरा वेगळं बोलायचंय. माझी आई बावीस वर्षं लोकांकडे धुणंभांडी करायची, त्यातली सात घरं धुण्याची. ज्या घरी रोज धुणं असायचं तिथे एक बादली, अर्ध्या तासात मोकळी. एका घरी बाईंनी ठरवलं की पाणी वाचवायचं, आठवड्यातून दोनदाच धुणं. पगार आधी होता त्याच्या निम्म्यावर आणला, कारण काय तर दिवस कमी झाले. कपडे मात्र तेवढेच राहिले. दोन टब भरून भिजवलेलं, त्यात तीन-चार जीन्स, भिजलेली जीन्स हातावर पिळून बघा एकदा. आईच्या बोटांच्या बेचक्यात चिखल्या झालेल्या असायच्या, सोड्याने कातडी सोललेली, रात्री खोबरेल लावून बसायची आणि पोळी लाटताना हात मागे घ्यायची. मी दहावीत होते, पोळ्या मी करायला लागले.

म्हणून कोणी "आम्ही दोनदाच धुतो" असं अभिमानाने सांगितलं की माझा पहिला प्रश्न असतो, कोण धुतं? मशीन असेल तर तुमचं तुम्ही ठरवा. बाई धूत असेल तर दिवस कमी केले म्हणून पैसे कमी करू नका आणि एका वेळी किती कपडे ते आधी बोला. जीन्स, चादरी, पडदे हे तर वेगळे पैसे देऊनच.

दुसरं, रोज धुवायची सवय आली कुठून हे पण बघा. आम्हा दोघी बहिणींना शाळेचे दोनच ड्रेस होते, एक अंगावर एक दोरीवर. संध्याकाळी धुतला नाही तर परवा काय घालणार. ती हौस नव्हती आणि सोवळं पण नव्हतं. आजही अनेक घरांत असंच आहे, तिथे कोणी जाऊन कमी वेळा धुवा असं सांगू नये.

आठ_ते_आठ
ताई, तुमचं वाचून थांबले. आमच्याकडे मशीन आहे पण चादरी मावशी धुतात आणि त्याचा वेगळा विचार मी कधी केला नव्हता. या महिन्यापासून करते.

धागादोरा
अंगावर एक दोरीवर एक, अगदी. आमच्या आजीची पण दोनच लुगडी होती. आता कपाटात पंधरा कुर्ते आहेत आणि सवय तीच राहिली.

वाकडकरीण
दोन दिवसांनी लिहितेय. ते दोरीवरचं वाक्य मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या की त्यांच्या माहेरी अंघोळ झाली की अंगावरचं स्वतः धुऊन, पिळून, दोरीवर टाकूनच बाई न्हाणीतून बाहेर यायची, दुसऱ्यासाठी ठेवायचं नाही. म्हणजे त्यांचं म्हणणं मशीन रोज लावा असं नव्हतंच, अंगावरून उतरलेलं तसंच पडून राहतं हे त्यांना सहन होत नव्हतं. मी इतके दिवस लिटर मोजत बसले आणि हे विचारलंच नाही.

आता त्यांचा गाऊन त्या रोज स्वतः धुतात, पाऊण बादलीत होतो, म्हणजे साधारण पंधरा लिटर. मुलाचा फुटबॉलचा टीशर्ट धागादोरा दादांनी सांगितल्याप्रमाणे आल्या आल्या खळबळून वाळत जातो, बास्केटचा वास गेलाय. पावडर दोन चमच्यांवरून एकवर आणली. पावसाळ्यात हे तीन दिवसांचं कसं जमेल ते माहीत नाही, पडवी ताईंचं ते वलणीचं मला पटलंय, बाल्कनीत दोरी एकच आहे. कदाचित तेव्हा एक दिवसाआड करावं लागेल.

एकच गोष्ट अजून खटकते. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघे दुखतात, आणि त्यांनी मोरीत बसून धुवावं हे मला पटत नाही. स्टुलावर बसून धुतात, मी धुते म्हटलं तर देत नाहीत. कालपासून पिळायला मात्र मुलीला हाक मारतात, एक टोक आजीच्या हातात आणि एक तिच्या.