मदत हवी आहे: आठवीतल्या लेकीसाठी गेमिंग कॉम्प्युटर, बजेट ४५ हजार (नाशिक)

द्राक्षवेल:

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं इथं फक्त पाककृती वाचत आले. आज पहिल्यांदा धागा काढतेय, तोही ज्यातलं मला ओ की ठो कळत नाही अशा विषयावर.

लेक आठवीत आहे. आजपर्यंत माझ्या फोनवर खेळायची. फोन इतका तापायचा की मला ऑफिसातून कॉल आला तर ओढणीत धरून बोलावं लागे. यंदा निफाडला द्राक्षं बरी गेली म्हणून आजीनं नातीच्या हातात १० हजार ठेवले आणि वर म्हणाली, "तुला काय तो कॉम्प्युटर हवा तो घे." आजी बोलून मोकळी झाली, उरलेले ३५ आम्ही घालणार. परीक्षा संपली की हवाय.

तिची यादी: माइनक्राफ्ट, मैत्रिणींबरोबर रोब्लॉक्स, व्हॅलोरंट, आणि ब्लेंडर नावाचं काहीतरी, ज्यात म्हणे त्रिमितीय चित्रं काढतात. जीटीए नाही, त्यावर घरात एकदाचं भांडण होऊन निकाल लागलेला आहे.

आता खरी अडचण. एमजी रोडवरच्या एका दुकानात हे कोटेशन मिळालं: आय-सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एसएसडी, वर १ टीबी हार्डडिस्क, रंगीत दिव्यांचं कॅबिनेट, २२ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माऊस, सगळं मिळून ३६,५००. "ताई, आय-सेव्हन आहे, दहा वर्षं बघायला नको."

कॅनडा कॉर्नरच्या दुसऱ्या दुकानात: रायझन फाइव्ह, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी. ग्राफिक्स कार्ड नाही, मॉनिटर नाही, हार्डडिस्क नाही. आणि भाव ४२ हजार! शिवाय तो माणूस मला गिऱ्हाईक म्हणून फारसा उत्सुकही दिसला नाही.

कागदावर तर पहिलं दुप्पट आहे. मग दुसरा एवढे पैसे कशाचे मागतोय? की सरळ मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जावं? आणि आमच्याकडे वीज जाते-येते, त्याचं काय करायचं?

कॉलेजरोडकर:

ताई, दुसऱ्या कुणाच्या उत्तराची वाट बघण्याआधी पहिल्या दुकानात फोन करा आणि तीनच गोष्टी विचारा. आय-सेव्हनच्या पुढचा चार-पाच आकडी नंबर काय, मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मुख्य बोर्ड) कुठला, आणि ग्राफिक्स कार्डचं पूर्ण नाव काय. "ओरिजिनल आहे ताई" हे उत्तर धरू नका.

द्राक्षवेल:

केला. आधी "तुम्हाला कळणार नाही" झालं, मग सांगितलं. आय-सेव्हन ३७७०. मदरबोर्ड एच-६१. कार्ड जीटी ७३०. याचा अर्थ काय?

कॉलेजरोडकर:

अर्थ असा की प्रोसेसर आणि तुमची लेक एकाच वयाचे आहेत.

३७७० हा २०१२ चा. आय-सेव्हन हे नुसतं आडनाव आहे, पिढी कितवी ते पुढचा आकडा सांगतो: ३७७० म्हणजे तिसरी. बाराव्या पिढीचा साधा आय-थ्रीसुद्धा त्याच्यापेक्षा वेगवान आहे. हे बहुधा कंपन्यांच्या ऑफिसांतून भंगारात निघालेले प्रोसेसर असतात. नव्या दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये बसवले की वरून कळत नाही.

जीटी ७३० हे कार्ड २०१४ चं. "४ जीबी" हा त्याच्या मेमरीचा आकडा, ताकदीचा नाही. गच्चीवर चार हजार लिटरची टाकी बसवली आणि खाली नळ अर्ध्या इंचाचा ठेवला तर बादली लवकर भरते का? तसंच. दुसऱ्या दुकानदाराचा रायझन फाइव्ह ५६००जी असेल (विचारून घ्या), तर त्यातला "जी" म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसरमध्येच आहे. आणि ते अंगचं ग्राफिक्स त्या ७३० कार्डापेक्षा चांगलं चालतं. कार्ड नाही म्हणून तो कमी, असं नाही.

आता तुमच्या कामाचा मुद्दा. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे चालतं आणि त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या पिढीत ती नाही. दुकानदार जुगाड करून विंडोज ११ टाकून देईल, दुकानात ते चालूही होईल. पण विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) दोन्ही तपासतं. नसेल तर व्हॅन ९००१ असा एरर दाखवून दारातूनच परत पाठवतं. म्हणजे यादीतला एक गेम घरी आल्यावर पहिल्याच दिवशी बाद.

जुनं_ते_सोनं:

जुन्याला एवढं झोडपू नका हो. माझा स्वतःचा २०१२ चा पीसी अजून चालतोय, फक्त त्याला गेमिंग म्हणू नये आणि ३६ हजारांना विकू नये.

माझं मत वेगळं. ५६००जी ऐवजी आय-थ्री १२१००एफ प्रोसेसर घ्या आणि सेकंडहँड जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड शोधा. खेळायला ही जोडी ५६००जी पेक्षा बरीच पुढे. १६५० ची बरीच मॉडेलं ७५ वॅटची, त्यांना वेगळी पॉवर केबलही लागत नाही.

द्राक्षवेल:

त्या "एफ"चा काय अर्थ? प्रत्येक अक्षरात पैसे लपलेत असं वाटायला लागलंय.

जुनं_ते_सोनं:

एफ म्हणजे अंगचं ग्राफिक्स नाही. कार्ड असेल तरच पडदा उजळणार.

अंबडची_शिफ्ट:

आणि तिथंच मेख आहे. सेकंडहँड कार्ड सहा महिन्यांनी गेलं तर त्या मशीनवर साधा शाळेचा प्रोजेक्टसुद्धा उघडणार नाही. वॉरंटी संपलेली. तुम्हा-आम्हाला ठीक आहे, ड्रॉवरमध्ये एखादं जुनं कार्ड पडलेलं असतं. यांच्या घरी काय आहे? पहिला कॉम्प्युटर आहे तो.

सेकंडहँडचं अजून एक. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून चलन कमावणं) बंद झालं आणि रात्रंदिवस राबलेली कार्डं बाजारात ओतली गेली. आरएक्स ५८० हे २०१७ चं कार्ड आजही कधी न ऐकलेल्या कंपन्यांच्या चकचकीत खोक्यात "नवीन" म्हणून मिळतं. त्यातल्या कित्येकांवर २०४८एसपी लिहिलेलं असतं, म्हणजे मूळच्या २३०४ ऐवजी २०४८ कोअर. कुणी "८ जीबी कार्ड स्वस्तात देतो" म्हणालं तर हे आठवा.

माझं मत: आज ५६००जी, कार्ड पुढच्या दिवाळीला. पण मग पुढच्या कार्डाची तयारी आजच ठेवायची, आणि ती तयारी म्हणजे एसएमपीएस, आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेलं असतं, तो आकडा स्टिकरवाल्याच्या मनातला. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवण्याचा शिक्का) असलेला, ५५० वॅटचा घ्या. पुढे आरएक्स ६६०० सारखं १३२ वॅटचं कार्ड बसवलं तरी त्याला पुरून उरेल. मी कारखान्यात पॅनेलं बघतो. स्वस्त पॉवर सप्लाय एकटा जळत नाही, सोबत कुणाला तरी घेऊन जातो.

द्राक्षवेल:

आमचे हे सातपूरला इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहेत. अख्ख्या धाग्यातला हा एकच परिच्छेद त्यांना पटला. दोनदा मोठ्यानं वाचून दाखवला आणि बजेटमध्ये दोन हजार वाढवून दिले.

रॅमबद्दल सांगा. दुकानदार म्हणतो भाव रोज चढताहेत, आज ८ जीबी घ्या, नंतर वाढवा.

कॉलेजरोडकर:

भाव चढलेत हे खरं आहे, तो थापा मारत नाही. जगातली बहुतेक मेमरी तीनच कंपन्या बनवतात आणि तिघींचा ओढा सध्या एआयच्या डेटा सेंटरकडे आहे. घरगुती गिऱ्हाइकाला त्याची झळ बसते.

तरी ५६००जी वर रॅममध्ये काटकसर करू नका. याचं ग्राफिक्स स्वतःची मेमरी बाळगत नाही, रॅममधूनच उधार घेतं. म्हणून १६ जीबी हवी, आणि १६ चा एक नग नको, ८-८ चे दोन हवेत. दोन नग असले की दोन वाटांनी माल येतो, एक असला की एकाच वाटेनं. गेममध्ये हा फरक डोळ्यांना दिसतो. रॅमचा प्रकार डीडीआर-४, ३२०० स्पीड. आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगानं चालवणारी सोय, चालू करायला सांगा, नाहीतर ३२०० चे पैसे देऊन २४०० किंवा २६६६ वर चालवत बसाल.

मॉनिटर लगेच घेऊ नका. घरात टीव्ही असेलच.

द्राक्षवेल:

३२ इंची आहे. पण तो सासूबाईंचा आहे, मालिकांच्या वेळा तुम्हाला ठाऊक आहेत.

कॉलेजरोडकर:

मग दुपारचा वापरा. ३२ इंची टीव्ही बहुधा एचडी रेडी असतो, १३६६ बाय ७६८. अक्षरं जरा पुसट दिसतील, पण ठिपके कमी म्हणून गेम उलट हलका चालेल. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असेल तर लावा, नाहीतर माऊस हलवल्यावर बाण मागून रेंगाळत येतो.

अपेक्षाही सांगून ठेवतो. माइनक्राफ्ट, रोब्लॉक्स छान चालतील. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर सेकंदाला ६० फ्रेमच्या वर जाईल. माइनक्राफ्टमध्ये जड शेडर (उजेड-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी जोड) लावून पाण्यात सूर्य चमकवायचा हट्ट धरला तर मात्र दमेल. तेवढ्यासाठी कार्डाची वाट बघायची. आणि व्हॅलोरंटला युरोपात १६+ चं रेटिंग आहे, हे घरातल्यांच्या कानावर घाला. व्हॉइस चॅट बंद करता येतं, मी माझ्या मुलासाठी तेच केलंय.

अंबडची_शिफ्ट:

विजेचं राहिलं. घरी इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखीच वीज देणारा) आहे का बघा, स्वस्तातल्या स्क्वेअर वेव्हवर पीसी नको. साइन वेव्ह असेल तर मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलं की वीज जाताना अदलाबदल झटकन होते. नसेल तर ६०० व्हीएचा साधा यूपीएस (वीज गेली की थोडा वेळ बॅटरीवर चालवणारा डबा) घ्या. व्हीए म्हणजे वॅट नव्हे, ६०० व्हीएचे साधारण ३६० वॅट मिळतात. कार्ड नसलेल्या ५६००जी ला पुष्कळ झाले, सेव्ह करून बंद करण्यापुरते. त्यावर खेळत बसायचं नाही.

लॅमिंग्टन रोडला जरूर जा, मजा येते. पंचवटी एक्सप्रेस पकडा, दादरला उतरून ग्रँट रोडची लोकल. पण खोकं घेऊन परत येताना आणि पुढे काही बिघडलं की पुन्हा कसारा घाट ओलांडताना वाचवलेले पैसे आठवतील. एवढ्या रकमेला मी नाशिकमध्येच घेईन. जीएसटीचं बिल, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर, आणि खोकी सगळी घरी आणायची.

द्राक्षवेल:

अपडेट देते, कारण धागा काढून गायब होणाऱ्यांचा मलाच राग येतो.

कॅनडा कॉर्नरच्या त्या निरुत्साही माणसाकडूनच घेतलं. लेकीनं वहीत लिहून नेलं होतं. तिनं "मदरबोर्ड बी-५५० देणार की ए-५२०?" विचारल्यावर तो पहिल्यांदा खुर्चीत नीट बसला. बी-५५० महाग पडत होता. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणं) आम्हाला करायचं नाही म्हणून ए-५२० वर भागवलं, आणि वाचलेले पैसे एसएमपीएसकडे वळवले. कॅबिनेट साधं, पुढे जाळीचं. एप्रिलमध्ये इथं काय ऊन असतं ते माहीत आहे, काचेपेक्षा जाळी बरी. दिव्यांवरून थोडं रडू आलं, पण तिनंच पॅकेटवरचा भाव बघून दिवे सोडले. यूपीएस धरून ४६,४०० झाले.

गोंधळ झालाच. घरी आणलं, चालू केलं, व्हॅलोरंट अडखळत होता. मी म्हटलं झालं, फसलो. लेकीनं टास्क मॅनेजर उघडला, मेमरीवर टिचकी मारली. तिथं लिहिलेलं: दोन स्लॉटपैकी एक वापरात, स्पीड २६६६. बिलावर ८ चे दोन नग, आत १६ चा एक! दुसऱ्या दिवशी बिल घेऊन गेलो. "पोरानं चुकून दुसरं लावलं" म्हणाला आणि मुकाट्यानं बदलून दिलं. एक्सएमपीसुद्धा समोर उभं राहून चालू करून घेतलं. आता नीट चालतंय. कॉलेजरोडकर, तुमच्या त्या दोन वाटांच्या ओळीनं आमचे पैसे वाचवले.

सध्या माइनक्राफ्टमध्ये रामकुंड बांधणं चालू आहे. पायऱ्या मोजायला मला दोनदा पंचवटीत नेऊन आणलं.

आता शेवटचा प्रश्न. कीबोर्ड तिनं स्वतःच्या पैशांतून घेतला, निळ्या स्विचचा (बटणांखालचे खटके निळे). खटखट एवढी की वाटावं तहसील कचेरीत बसलोय. यांना महिन्यातून एक आठवडा रात्रपाळी असते, दिवसा झोपायचं कसं?

जुनं_ते_सोनं:

निळे मुद्दाम आवाज करणारेच असतात. लाल स्विचवाल्याशी अदलाबदल करता येते का बघा. बिल ठेवलंय ना?

द्राक्षवेल:

ठेवलंय. उद्याच जाते, मला बघून तो आता चहा मागवतो.